खासगीपणा, काम आणि संगणक: साठ वर्षांच्या ओढाताणीचा इतिहास

#धागा

१/
इ.स. १९६२ चा वसंत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत एक अवाढव्य संगणक होता आणि त्यावर अनेकांनी आळीपाळीने काम करावे, अशी एक नवी प्रणाली बसवली होती. तिचे नाव ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाच्या फाइली निराळ्या राहाव्यात यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, त्याचा संगणकावरील पहिला मोठा वापर तो हाच, असे सामान्यतः मानले जाते.

अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्याला चार तास आले होते. प्रबंधाचे काम त्याहून कितीतरी मोठे होते. तेव्हा त्याने एक युक्ती केली. छिद्रपत्रिकेद्वारे फाइल छापून मागवण्याची सोय होती. तिचा उपयोग करून त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू ठेवले. पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच ही गोष्ट उघड केली.

२/
संगणकीय खासगीपणाच्या इतिहासातील हा आरंभीचा प्रसंग मला फार बोलका वाटतो. तट फोडणारा शत्रू नव्हता, हेर नव्हता. काम अडलेला एक विद्यार्थी होता.

“कोणता लॅपटॉप घ्यावा? विंडोज ठेवावे, मॅक घ्यावा, की लिनक्स बसवावे?” हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो. त्याची उत्तरे बहुधा किमतीत किंवा वेगात शोधली जातात. या धाग्यात तोच प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहू. साठ वर्षांत माणसांनी आणि संस्थांनी खासगीपणा व काम यांचा तोल कसा साधला, कुठे तो ढळला, आणि त्यातून आपल्या निवडीसाठी काय हाती लागते, एवढाच विषय आहे.

३/
प्रथम यंत्र ‘आपले’ कसे झाले ते पाहू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. सामायिक यंत्राची जागा टेबलावरच्या यंत्राने घेतली. आता माझ्या फाइली माझ्या घरात, मग पासवर्ड तरी कशाला, असे वाटावे अशी ती स्थिती होती.

परंतु यंत्र विकत घेतले तरी ते चालवणारी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, दुसऱ्याने लिहिलेली होती. ती आत काय करते, हे मालकाला दिसत नसे. या व्यवस्थेला एमआयटीतूनच आव्हान मिळाले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली उभारणे, हे तिचे ध्येय. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिच्या गाभ्याला पुढे लिनक्स हे नाव मिळाले. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा यांच्या संयोगातून आजच्या डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणाली घडल्या.

येथे एक सावधगिरी हवी. संहिता वाचता येते म्हणून ती सुरक्षित असतेच, असे नाही. कोणीतरी ती खरोखर वाचावी लागते. मात्र ती तपासण्याची वाट उघडी असते, हा फरक लहान नाही.

४/
१९९९ साली सामान्य वापरकर्त्यांना या फरकाची जाणीव झाली. त्या वर्षीच्या जानेवारीत इंटेलने जाहीर केले की, पेंटियम ३ या नव्या प्रोसेसरच्या प्रत्येक प्रतीत एक स्वतंत्र अनुक्रमांक असेल आणि तो सॉफ्टवेअरला वाचता येईल. ऑनलाइन व्यवहार सुरक्षित व्हावेत, हे कारण देण्यात आले. खासगीपणासाठी झगडणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. २००० साली इंटेलने पुढील प्रोसेसरांत हा क्रमांक न ठेवण्याचे ठरवले.

त्याच मार्चमध्ये उघडकीस आले की, विंडोज ९८ची नोंदणी करताना संगणकाची ओळख सांगणारा क्रमांक मायक्रोसॉफ्टकडे जाऊ शकत होता, आणि ऑफिसच्या फाइलींतही असाच एक ओळखक्रमांक नकळत उमटत होता. कंपनीने दुरुस्त्या दिल्या. गंमत अशी की, त्याच महिन्याच्या अखेरीस मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या फाइलींतून जगभर पसरला आणि त्याच्या कर्त्याचा माग काढू पाहणाऱ्यांनी याच ओळखक्रमांकाचा आधार घेऊन पाहिला. ज्या खुणेने गुन्हेगाराचा माग लागू शकतो, तिनेच निनावी पत्र लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचाही लागू शकतो. खूण माणूस पाहून काम करीत नाही.

५/
मग सर्वांनी खुली प्रणाली का स्वीकारली नाही? याचे उत्तर जर्मनीतील म्युनिक शहराच्या कारभारात सापडते.

२००३ साली म्युनिक महापालिकेच्या सुमारे १४,००० संगणकांवर विंडोज एनटी ४ होते आणि त्याला मिळणारा कंपनीचा आधार संपत आला होता. नवे विंडोज घ्यावे की लिनक्सकडे वळावे, असा प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधील सुट्टी मध्येच सोडून महापौर क्रिश्टियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीने किंमतही उतरवली. तरीही मे २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. या प्रकल्पाचे नाव ‘लिमक्स’. मुख्य भूमिका स्वायत्ततेची होती. शहराचा कारभार आणि नागरिकांची कागदपत्रे एकाच विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून नसावीत, असा तो विचार होता.

६/
घोषणा करणे सोपे होते, स्थलांतर अवघड. महापालिकेची खाती अनेक, प्रत्येकाची संगणक व्यवस्था निराळी. हजारो नमुनापत्रे आणि त्यांत वर्षानुवर्षे साठलेले मॅक्रो. पत्रांचे नमुने सांभाळण्यासाठी शहराने ‘वोलमक्स’ नावाचे स्वतःचे साधन लिहून घेतले. २००६ साली यंत्रे बदलू लागली आणि २०१३ साली काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तोवर दहा वर्षे गेली होती.

तरीही काही खात्यांची खास सॉफ्टवेअरे केवळ विंडोजवरच चालत. बाहेरून येणाऱ्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात असत. त्या उघडल्या की तक्ते सरकत, ओळी तुटत. कर्मचारी कुरकुरू लागले. २०१४ साली महापौर बदलले. मायक्रोसॉफ्टचे जर्मन मुख्यालयही म्युनिक शहरात आले. त्या दोन गोष्टींचा निर्णयाशी संबंध किती, यावर आजही वाद होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याची दिशा ठरवली.

लिमक्स तांत्रिकदृष्ट्या कोसळले नव्हते. हजारो लोक रोज त्यावर काम करीत होते. पण यंत्र आपले असले तरी पत्रव्यवहार इतरांशी असतो, आणि त्या इतरांनी आपली फाइल बदलली नव्हती.

७/
याच काळात फ्रान्सच्या जाँदार्मेरी या पोलीस दलाने निराळा क्रम धरला. त्यांनी आरंभी कार्यप्रणालीला हात लावला नाही. २००५ साली विंडोजवरच ओपनऑफिस आणले. २००६ साली फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम आणला. कर्मचाऱ्यांचे हात या साधनांवर बसल्यानंतर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबुंटू आणण्यास सुरुवात झाली. रोज दिसणाऱ्या खिडक्या त्याच राहिल्याने पाया बदलल्याचा धक्का तुलनेने सौम्य झाला. हे स्थलांतर टिकले.

केंद्रीय शिस्तीचे पोलीस दल आणि निवडणुकांच्या राजकारणात वावरणारी महापालिका यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये, हे खरे. परंतु क्रमाचा धडा वैयक्तिक निवडीलाही लागू पडतो. आधी रोजची साधने बदलावीत, त्यांत काम निभते का ते पाहावे आणि कार्यप्रणाली सर्वांत शेवटी बदलावी. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. एखाद्या रविवारी उत्साहात लिनक्स बसवले जाते आणि मंगळवारी मार्गदर्शकांची फाइल नीट उघडली नाही म्हणून ते काढून टाकले जाते.

८/
फाइलीचे हे बंधन मराठी लेखनाला मुळीच परके नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ही श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर आणि विंडोजवरील पेजमेकरवर उभी होती. त्या फाइलींमध्ये मराठी अक्षर हे खरे अक्षर नसे. इंग्रजीच्या किंवा अन्य चिन्हाच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. साहजिकच मुद्रक, प्रकाशक, लेखक सारे एकाच प्रकारच्या यंत्राशी बांधले गेले. ही निवड कोणी विचारपूर्वक केली नव्हती. फॉन्टने ती करून टाकली होती.

युनिकोडने हे बंधन सैल केले. आज देवनागरीत लिहिलेला मजकूर विंडोज, मॅक, लिनक्स वा मोबाइल यांपैकी कुठेही वाचता येतो. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीलाही स्थान मिळाले, ही आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना विशेष महत्त्वाची गोष्ट. मजकूर खुल्या आणि सर्वमान्य स्वरूपात असेल, तरच यंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य खरे असते.

९/
आता ज्या प्रसंगात या निवडीवर माणसांचे भवितव्य अवलंबून होते, तिकडे वळू. डिसेंबर २०१२. रिओ दि जानेरो येथे राहणारे पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना एका निनावी व्यक्तीचे ईमेल आले. महत्त्वाची माहिती द्यायची आहे, पण त्यासाठी ईमेल कूटबद्ध करण्याची सोय करून घ्या, अशी विनंती होती. ग्रीनवाल्ड यांना ती खटपट किचकट वाटली आणि हातातली कामे पुष्कळ होती. निनावी माणसाने पायरी पायरीने शिकवणारी चित्रफीतही तयार करून पाठवली. तरीही ते राहून गेले.

तो माणूस होता एडवर्ड स्नोडेन. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीशी संपर्क साधला. आपल्या माहितीपटांमुळे पॉइट्रस यांना अमेरिकेच्या विमानतळांवर वारंवार अडवून तपासले गेले होते. त्यामुळे गुप्त संपर्काची साधने त्यांनी आधीच आत्मसात केली होती. त्या तयारीमुळे संवाद पुढे सरकला आणि ग्रीनवाल्डही पुढे त्यात आले. ५ जून २०१३ रोजी ‘द गार्डियन’मध्ये पहिली बातमी प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या पाळतीचे स्वरूप जगापुढे आले.

१९६२च्या विद्यार्थ्याची आणि २०१२च्या पत्रकाराची अडचण एकाच जातीची आहे. कामाची निकड आजची असते. खासगीपणाचा धोका उद्याचा असतो.

१०/
त्या पत्रकारांच्या हाती असलेल्या साधनांपैकी एक होती ‘टेल्स’ ही कार्यप्रणाली. २००९ साली सुरू झालेली आणि डेबियनवर आधारलेली ही प्रणाली डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून चालते. तिच्यातील इंटरनेटची सारी वाहतूक ‘टॉर’ जाळ्यातून जाते आणि संगणक बंद केला की त्या बैठकीच्या खुणा यंत्रावर उरू नयेत, अशी तिची रचना आहे. म्हणजे हे जाणीवपूर्वक विस्मरणशील बनवलेले यंत्र आहे.

पण ज्याला दोनशे संदर्भांचा प्रबंध लिहायचा आहे, त्याला विस्मरण कसे परवडेल? टेल्समध्ये काही गोष्टी जपून ठेवण्याची कूटबद्ध सोय आहे, तरी रोजच्या संसारासाठी ती घडवलेली नाही. शिवाय टेल्समध्ये बसून आपल्याच नेहमीच्या ईमेलमध्ये शिरलो, तर त्या सेवेपुरती आपली ओळख आपणच सांगून टाकतो. साधन एका कामासाठी उत्तम असते आणि दुसऱ्यासाठी गैरसोयीचे. त्यात साधनाचा दोष नाही.

११/
या पेचावर एक निराळा विचार पोलंडच्या सुरक्षातज्ज्ञ योआना रुटकोव्स्का यांनी मांडला. त्यांच्या पुढाकाराने घडलेल्या ‘क्यूब्स’ या कार्यप्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये आली. तिचे गृहीतक असे की, कोणताही प्रोग्राम कधी ना कधी फुटणारच. म्हणून एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवायची. बँकेचे काम एका कप्प्यात, कार्यालयाचे दुसऱ्यात, अनोळखी फाइल उघडणे तिसऱ्यात. प्रत्येक कप्प्याच्या खिडकीला निराळ्या रंगाची चौकट असते. एक कप्पा फुटला तरी दुसरा शाबूत राहावा, हा हेतू.

ही कल्पना समजून घ्यायला आपल्याला दूर जायला नको. राजगड आठवा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. एखादी माची पडली तरी गड पडत नाही, कारण बालेकिल्ला स्वतंत्रपणे झुंजू शकतो.

क्यूब्सलाही किंमत मोजावी लागते. स्मृती म्हणजे रॅम भरपूर लागते, प्रत्येक यंत्रावर ती चालत नाही आणि शिकायला वेळ लागतो. तिचे कर्तेही तिला ‘वाजवी प्रमाणात सुरक्षित’ एवढेच म्हणवतात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

१२/
“मग संगणकच नको” असे म्हणणारेही झाले. २०१४ साली पाळतीच्या चौकशीसाठी नेमलेल्या जर्मन संसदीय समितीच्या अध्यक्षांनी टाइपरायटर वापरण्याचा विचार बोलून दाखवला होता. पण १९८४ साली मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीची यंत्रसामग्री तपासणीसाठी मायदेशी नेली, तेव्हा आयबीएमच्या विजेवरील टाइपरायटरांत सोव्हिएत हेरयंत्रे सापडली होती. अशी एकूण १६ टाइपरायटरे निघाली. कोणती कळ दाबली जाते हे त्यांतून कित्येक वर्षे बाहेर कळत होते. जुने यंत्र म्हणजे निर्धोक यंत्र, ही समजूत इतिहासाने तेव्हाच खोडून काढली आहे.

१३/
आणि यंत्राच्या पलीकडचीही एक मर्यादा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती विसरू नये. २००१ ते २००६ या काळात अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या वतीने उत्तर आयर्लंडमधील संघर्षात सहभागी झालेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. हयातीत त्या उघड होणार नाहीत, या भरवशावर माणसे बोलली. २०११ साली उत्तर आयर्लंडच्या पोलिसांसाठी अमेरिकेत न्यायालयीन मागणी झाली. दीर्घ लढ्यानंतर काही मुलाखती सुपूर्द कराव्या लागल्या. एका बाजूला १९७२ साली बेपत्ता केल्या गेलेल्या जीन मॅकॉनव्हिल यांच्या मुलांचा न्यायाचा हक्क होता, दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द. येथे कोणतीही कार्यप्रणाली उपयोगी पडली नसती. जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे आणि जे साठवायची गरज नाही ते साठवू नये, हा धडा संगणकाच्या निवडीआधीचा आहे.

१४/
हा सारा इतिहास आज का सांगावा? कारण म्युनिकपुढे २००३ साली जो प्रश्न होता, तो आता आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची आधारमुदत संपली. काही काळापुरती वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय असली, तरी जुन्या लॅपटॉपचे काय करायचे हे ठरवावेच लागेल. दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली कोणाचीही असो, ती उघड्या दिंडीसारखी आहे.

ठरवताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. जपायचे नेमके काय आहे? कोणापासून जपायचे आहे: चोरापासून, जाहिरातदारापासून, की सत्तेपासून? आणि माझ्या फाइली कोणाकोणाच्या यंत्रावर उघडाव्या लागतात? पहिल्या दोन प्रश्नांवरून खासगीपणाची गरज ठरते, तिसऱ्यावरून कामाची.

१५/
माझ्यापुरते सांगतो. मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेताना काही जण नाव न सांगण्याच्या अटीवर बोलतात. विभागाची कागदपत्रे आणि मार्गदर्शकांशी होणारी देवाणघेवाण मी विंडोजवरच करतो, कारण तेथे भांडण्यात अर्थ नाही. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे मात्र एका जुन्या लॅपटॉपवर आहेत. त्यावर डेबियन आहे, संपूर्ण डिस्क कूटबद्ध आहे, आणि प्रणालीच्या दुरुस्त्या घेण्यापुरताच तो इंटरनेटला जोडला जातो. कोणते टोपणनाव कोणाचे, ही यादी तिसऱ्या ठिकाणी कागदावर आहे. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. पण विभागाच्या यंत्रावर काही गडबड झाली, तर एखाद्या आजीबाईंनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यासोबत वाहून जाणार नाही.

खासगीपणा आणि काम या दोहोंना पुरे पडेल असे एकच आदर्श यंत्र साठ वर्षांत कोणालाही सापडलेले दिसत नाही. ज्यांना तोल साधला, त्यांनी कामे वेगळी केली आणि प्रत्येक कामाला साजेसा कप्पा दिला. आणि जेथे तट फुटला, तेथे तो बहुधा घाईच्या दिवशी आतूनच फुटला. म्हणून निवड निवांत असताना करावी. ग्रीनवाल्ड यांच्याकडे स्नोडेन दुसऱ्या वाटेने परत आले. प्रत्येकाचा साक्षीदार परत येतोच असे नाही.

धागा येथे संपतो. आपल्याकडे जुन्या फॉन्टांतील मराठी हस्तलिखिते वा लेख अडकून पडले असतील, तर ते प्रथम युनिकोडमध्ये आणून ठेवा. यंत्राची निवड त्यानंतरही करता येईल.